शून्य कोठे गेले?

विद्यालयाच्या स्मरणिकेत जुन्या शिक्षकांनी यशाच्या आठवणी लिहाव्यात, असा शिरस्ता आहे. शालान्त परीक्षेचे निकाल, स्पर्धांतील ढाली आणि अधिकारपदावर पोहोचलेले माजी विद्यार्थी यांच्याविषयी या अंकात इतरत्र लिहिले गेले असेलच, आणि ते लिहिले जायलाही हवे. संपादक मंडळाने आम्हांसही काही पाने दिली, तेव्हा आम्ही मात्र एका चुकलेल्या भागाकाराविषयी लिहिण्याचे ठरविले. ती चूक एका विद्यार्थिनीच्या वहीत होती. पण त्या चुकीची धनी ती एकटी नव्हती.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. आमच्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत राहिलेली एक मुलगी संध्याकाळी आमच्या दारी आली. बारावी होऊन ती वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात शिकत होती. गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर राहिला होता, एटीकेटी लागली होती. जयभीम करून ती उभीच राहिली आणि म्हणाली, "सर, मी कॉलेज सोडते आहे. मानकोलीच्या गोदामात पॅकिंगची जागा आहे. घरी सांगण्याआधी तुम्हांला सांगावे, असे वाटले."

भिवंडीत राहणाऱ्यास या वाक्याचे नवल वाटणार नाही. यंत्रमागांच्या या शहराभोवती गोदामांचे दुसरे शहर उभे राहिले आहे, आणि कॉलेजातून गळालेल्या मुलांना ते शहर लगेच पोटात घेते. कष्टाची लाज नाही. आमची पिढीही कष्टाच्या पैशांवरच शिकली. परंतु ही मुलगी गोदामाच्या ओढीने नव्हे, गणिताच्या भीतीने चालली होती. आम्ही तिला वही आणावयास सांगितले.

वहीत सूत्रे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. उदाहरणाची मांडणी बरोबर होती. शेवटी ६१२ रुपयांचे सहा समान हप्ते करावयाचे होते. समासात तिने भागाकार केला होता आणि उत्तर लिहिले होते १२.

सहाशेतील सहांना सहाने भाग गेला, वर १ आला. पुढचा १ उतरवून घेतला. त्याला सहाचा भाग जात नाही, म्हणून वर शून्य मांडावयाचे ते राहिले. मग २ उतरविला, बारांना भाग गेला, वर २ आले. १०२ चे १२ झाले. वाणिज्यातील गणित तिला समजले होते. ती घसरली होती चौथीच्या भागाकारावर. आणि हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. उत्तरापुढे लाल फुली होती, तेवढेच.

आम्ही नववीत तिचे वर्गशिक्षक होतो. तिच्या प्रगतिपुस्तकावर आमची सही आहे. आम्ही इतिहास शिकवीत होतो, गणिताचे शिक्षक निराळे होते, असे म्हणून हात झटकता आले असते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवण्यास मनाई झाली, म्हणून कच्ची मुले वर आली, असे शिक्षकांच्या खोलीत नेहमी म्हटले जाते. आम्हीही म्हणत असू. परंतु मागे ठेवू नका असे सांगणाऱ्या त्याच कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापन करावयास सांगितले होते. शिकवू नका, असे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. ते शून्य वर्षानुवर्षे हरवत होते आणि आम्हा कोणासही दिसले नव्हते.

हे केवळ एका मुलीचे किंवा एका शाळेचे दुखणे नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' २०२३ या अहवालासाठी देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यांपैकी ४३.३ टक्क्यांनाच सोडविता आले. तो अहवाल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ६१२ भागिले ६ हेच उदाहरण उभे राहिले.

दोघा सहकाऱ्यांना बरोबर घेऊन आम्ही रविवारी सकाळी विद्यालयाच्या सभागृहात वर्ग सुरू केला. निरनिराळ्या कॉलेजांत शिकणारी चौदा मुलेमुली जमली. पहिल्या दिवशी वीस साध्या उदाहरणांची एक पत्रिका दिली आणि बजावले की, याला गुण नाहीत. खाडाखोड करू नका, कच्चे काम पुसू नका. आम्हांस उत्तरे नको होती, वाट पाहावयाची होती.

त्या पत्रिकांनी आमचे डोळे उघडले. आजवर आम्ही समजत होतो की कच्चा विद्यार्थी मनास येईल ते लिहितो. तसे नव्हते. प्रत्येक चुकीत एक नियम होता. २००४ मधून ३७८ वजा करताना तिघांनी २३७४ लिहिले होते, कारण प्रत्येक स्थानी त्यांनी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. अर्धा अधिक एक-तृतीयांश बरोबर दोन-पंचमांश, असे अनेकांनी लिहिले. वर वरचे मिळविले, खाली खालचे. ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी, कारण पस्तीस पाचांहून मोठे. काहींनी सदुसष्ट ऐकून ७६ लिहिले होते. मराठीत आधी एकक उच्चारतो आणि नंतर दशक, लिहिताना मात्र क्रम उलटा. आमच्या भिवंडीत तर घरी हिंदी, उर्दू किंवा तेलुगू, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी आकडे; मुलाने कोणत्या भाषेत मोजावे?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांच्या आणि क्रमाच्या अडचणीकडे लक्ष वेधले होते. आम्ही तेव्हा टीकाकारांच्या बाजूस होतो. भाषा बिघडेल, असे वाटत होते. या वर्गाने आमचे मत बदलले. आम्ही दोन्ही वापरू लागलो. आधी 'साठ सात', मग 'सदुसष्ट'. मराठीचे काही बिघडले नाही.

चूक कोठे होते ते कळल्यावर शिकविणे सोपे झाले, असे मात्र नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलापुढे चौथीचे पुस्तक ठेवले, तर तो पुढच्या रविवारी येत नाही. हा धडा आम्ही दोन मुले गमावून शिकलो. तेव्हा पुस्तक बाजूस ठेवले आणि शहरातील कागद वर्गात आणले. गोदामाच्या मालाची बिल्टी, विजेचे बिल, बचत गटाची वही, भिशीच्या खानावळीचा महिन्याचा हिशेब. पस्तीस पैसे मोठे की पन्नास पैसे, असे विचारल्यावर ०.३५ चा गोंधळ एका क्षणात मिटला. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि मिळून अर्ध्याहून कमी भाकरी झाली, हे ऐकताच वर्ग हसला. दोन-पंचमांश पुन्हा कोणी लिहिले नाही. शंभराच्या वस्तूवर वीस टक्के वाढविले आणि मग वीस टक्के सूट दिली, तर किंमत ९६ रुपये होते, यावर अर्धा तास वाद झाला. तो वाद आम्ही मिटविला नाही, त्यांनीच मिटविला.

एक नियम मात्र कडक ठेवला. कोणतेही उदाहरण सोडविण्यापूर्वी अदमास सांगायचा. ६१२ रुपये सहा जणांत वाटले, तर प्रत्येकास साधारण किती? 'शंभराच्या आसपास' असे तोंडाने म्हटल्यावर १२ हे उत्तर हातून निघतच नाही; निघाले तरी डोळ्यांस खुपते. गणिताची भीती असलेले मूल उत्तराकडे पाहत नाही, ते लिहून मोकळे होते. आपल्या उत्तराकडे वळून पाहण्याची सवय, एवढेच आम्ही खऱ्या अर्थाने शिकविले असेल.

येथे आमचीही एक कबुली द्यावयास हवी. आम्ही इतिहासाकडे वळलो ते इतिहासाच्या प्रेमाने, तसेच गणिताच्या धाकानेही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर आम्ही भाषणे केली. पण त्यातील विनिमय दरांचे तक्ते आले की पाने उलटीत असू. ज्या महामानवाचे नाव घेऊन आम्ही शिकलो, त्याच्या विद्वत्तेचा आकड्यांत मांडलेला भाग आम्ही कधी वाचलाच नव्हता. या वर्गाच्या निमित्ताने ते तक्ते पेन्सिल घेऊन वाचले. बोट ठेवून, हळूहळू, विद्यार्थ्यांसारखे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट आधीच ध्यानात यावयास हवी होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब मागितला होता. हिशेब न कळणाऱ्याची लूट कशी होते, हे त्यांनी पाहिले होते. अमेरिकेत रॉबर्ट मोझेस यांनी १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जीव धोक्यात घालून काम केले; त्याच मोझेस यांनी १९८२ मध्ये गरीब मुलांना बीजगणित शिकविण्याचा प्रकल्प सुरू केला. गणित येणे हा त्यांच्या लेखी नागरी हक्काचाच प्रश्न होता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. दार उघडणे आणि आत आलेल्यास उभे राहता येईल अशी सोय करणे, ही दोन्ही कामे त्यांना एकच वाटत होती. आपण दार उघडल्याचा उत्सव केला आणि दुसरे काम विसरलो.

बर्कली येथील विद्यापीठात उरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाने १९७० च्या दशकात पाहिले की, चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून अभ्यास करतात आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुधा एकटे. त्याने कच्च्यांचा वर्ग काढला नाही. एकत्र बसून कठीण उदाहरणे सोडविण्याचा वर्ग काढला. आमच्या वर्गावरही आम्ही 'कच्च्यांचा वर्ग' ही पाटी लागू दिली नाही. वसतिगृहात एका पंगतीत जेवलेली ही मुले कॉलेजात गेल्यावर एकेकटी झाली होती. ती पुन्हा एका सतरंजीवर बसली, हेच अर्धे काम होते.

त्या मुलीचे वडील यंत्रमाग चालवितात. मजुरी मीटरवर, पगार पंधरवड्याने, हिशेब मेहताच्या वहीत. मेहता काही तरी मारतो, हा घरातील जुना संशय. त्यावरून आईवडिलांत दर पगाराला भांडण. दिवाळीच्या सुमारास ती पगाराची चिठ्ठी घेऊन वर्गात आली. ३,०६० मीटर, दर २ रुपये ४५ पैसे. सर्वांनी मिळून हिशेब केला: ७,४९७ रुपये. १,५०० रुपये उचल वजा जाता ५,९९७. चिठ्ठीतही तेच होते. मेहताने एक पैसाही मारलेला नव्हता.

वर्ग जरा हिरमुसला. चोर सापडेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. ती मात्र चिठ्ठीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पंधरा दिवसांचे ३,०६०, तर एका दिवसाचे किती?" तिने भागाकार मांडला. उत्तर आले २४. आम्ही बोलण्यापूर्वीच तिने पेन खाली ठेवले. "दिवसाला चोवीस मीटर? एवढ्यावर माझ्या बापाला कोणी मागावर उभे केले नसते." ती पुन्हा वाकली आणि दोन व चार यांच्यामध्ये शून्य बसविले. २०४.

घरात भांडण थांबले का, ते आम्ही विचारले नाही. पुढे तिने सांगितले की, चिठ्ठी आता आई स्वतः तपासते आणि संशय गेला आहे. लूट होत असेल तर ती ओळखता यावी, म्हणून हिशेब यावा, असे आम्ही मानत होतो. लूट होत नाही हे खात्रीने कळणे, यातही केवढी सुटका असते, ते तिने आम्हांस शिकविले.

वर्षअखेरीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडतो. चौदांपैकी सहा जणांनी अडलेला पेपर काढला, त्यांत ती होती. गुण उत्तीर्ण होण्यापुरतेच. तिघांचा पेपर पुन्हा राहिला. पाच जण वर्ग सोडून गेले. या आकड्यांवर सत्कार होत नाहीत. तरी वर्ग चालू आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, स्मरणिका हाती पडल्यावर आपण आपले छायाचित्र शोधाल, अवश्य शोधा. त्यानंतर एक करा. आपल्या घरातील, वस्तीतील कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाला जवळ बसवून सहाशे बारा भागिले सहा हे उदाहरण घाला. उत्तर १२ आले, तर हसू नका आणि रागावू नका. फक्त विचारा, अदमासे किती यावे? आणि त्याला रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्याकडे पाठवा. आपणही या. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. शिकविणारे हात कमी आहेत.

आमच्या सेवेची आता थोडीच वर्षे उरली आहेत. नववीची प्रगतिपुस्तके आजही सहीसाठी आमच्यापुढे येतात. सही करण्यापूर्वी आम्ही आता गणिताची वही मागवितो.