चाकावरची चकाकी

मोटारीचे स्टिअरिंग चकाकले की ते नवे दिसते, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. खांदा कॉलनीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती मोडीत काढली. “अहो, नव्या चामड्याला चकाकी नसते. हे हातांचे तेल आणि मळ!” मी ओशाळलो. पनवेलच्या दमट हवेत पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून मी त्याला वर खोबरेलही चोळत असे. वळणावर चाक हातातून निसटे, ते निराळेच!

कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकले, मऊ फडके घट्ट पिळले आणि पुसू लागलो. फडके काळे झाले, चामडे खरोखरच नव्यासारखे दिसू लागले. मात्र घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांनी काटे जिथे असतात, त्या दोन जागा गुळगुळीतच राहिल्या. गाडी आधी वडिलांची. ते चाक तिथेच धरीत. तिथे मळ नव्हताच. चामडेच झिजले होते.

“नवे कव्हर शिवून घ्या,” शेजारी म्हणाले. मी नुसते “बघू” म्हटले.

सकाळी आईने चाकाला हळदकुंकू लावले, ते नेमके त्याच दोन जागी. चामड्यावरचा हळदीचा डाग सहजी निघत नाही. मी फडके घडी करून ठेवून दिले.