रिपोर्ट नॉर्मल आहे, पण कशाचा?

टेस्टिंग टीममधल्या कुणालाही विचारा. सगळ्या टेस्ट केसेस पास झाल्या म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये बग नाही, असं तो छातीठोकपणे कधीच सांगणार नाही. ज्याची टेस्ट लिहिलीच नाही तो बग सरळ क्लायंटकडे पोचतो. ऑफिसात हे आपल्याला पाठ असतं. घरी लॅबचा रिपोर्ट आला की मात्र आपण फक्त 'नॉर्मल' हा शब्द शोधतो.

गेल्या वर्षी बोईसरला काकांच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. काका तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट करून रिटायर झालेले, आणि खिशातली तंबाखूची पुडी नोकरीपेक्षाही जुनी. शिबिरात सवलतीच्या दरात 'कॅन्सर पॅकेज' होतं. रक्त दिलं, चार मार्कर आले, चारही नॉर्मल. काकूंनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले!

दिवाळीत गेलो तर काका भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होते.

"अरे, दोन महिने असंच चाललंय," काकू म्हणाल्या.

"अ‍ॅसिडिटी आहे रे," इति काका. "कॅन्सरचा रिपोर्ट क्लिअर आलाय ना!"

इथेच सगळी गल्लत आहे. काहीही त्रास नसलेल्या माणसांत रोग हुडकणं म्हणजे स्क्रीनिंग. घास अडकायला लागला की स्क्रीनिंगचा विषय संपला, आता निदान करायचं. आणि ते मार्कर अन्ननलिकेच्या स्क्रीनिंगलाही चालत नाहीत. उदाहरणार्थ सीईए. कॅन्सर असूनही तो नॉर्मल येऊ शकतो, आणि कॅन्सर नसताना नुसत्या सिगरेटनेही वाढू शकतो.

मग चांगली टेस्ट कुठली? एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आतून बघणं. चीनमधल्या लिनशियान भागात हा कॅन्सर फार. तिथे अन्ननलिकेवर आयोडीन फवारून बघतात. निरोगी भाग तपकिरी होतो, बिघडलेला फिका राहतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात नुसत्या दुर्बिणीने गंभीर बदल किंवा कॅन्सर असलेल्यांपैकी 62 टक्के सापडले, आयोडीननंतर 96 टक्के. मस्त ना? पण निरोगी माणसाला 'निरोगी' म्हणण्याचं प्रमाण 79 वरून 63 टक्क्यांवर आलं.

आता आपला आवडता उद्योग, आकडेमोड. समजा 10,000 माणसांत 20 जणांना खरंच रोग आहे. 96 टक्क्यांच्या हिशेबाने 19 सापडतील. उरलेल्या 9,980 निरोगी लोकांपैकी 37 टक्के, म्हणजे जवळजवळ 3,700 जणही संशयित ठरतील. त्या प्रत्येकाची बायॉप्सी करायची. जिथे रोग जास्त तिथे हीच टेस्ट परवडते, जिथे कमी तिथे नाही. भारतात वर्षाला साधारण 70 हजार लोकांना हा कॅन्सर होतो, तरी लोकसंख्येच्या मानाने ते लाखात पाचेक जण. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, अन्ननलिकेची नाही.

आणि नुसती अचूकताही पुरत नाही. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासण्यांचा अभ्यास केला. निकाल 2009 साली आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 34, काहीच तपासणी न केलेल्या गटात 64. बाकी दोन तपासण्यांनी मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. रोग त्यांनाही सापडत होताच की! म्हणजे स्क्रीनिंगची खरी परीक्षा शेवटी किती माणसं वाचली यावर. त्या 'कॅन्सर पॅकेज'च्या पत्रकावर असला एकही आकडा नव्हता.

असो. काकांसमोर यातलं फारसं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "काका, रक्ताच्या रिपोर्टने घसा बघितलेला नाही. कुणीतरी आत बघू दे." दोन दिवस रुसले, मग पालघरला एंडोस्कोपीला आले. अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ होती, बायॉप्सीत कॅन्सर निघाला. मार्कर नॉर्मल असतानाच!

आता डहाणू लोकलने दादर, तिथून टॅक्सीने परळला टाटा, असा आमचा शिरस्ता झालाय. केमो आणि रेडिएशन एकदम चालू आहे. पूर्ण बरं होईल का, ते डॉक्टरही आज सांगत नाहीत. घास अडकतो तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते, म्हणून हा रोग उशिरा कळतो. त्यातही रिपोर्टच्या भरवशावर आणखी दोन महिने गेले, ही काकूंची खंत.

तुमच्या घरी कुणी घासागणिक पाणी पीत असेल, उगाच वजन उतरत असेल, तर पॅकेज शोधत बसू नका. पोटाच्या डॉक्टरकडे न्या आणि दुर्बिणीबद्दल विचारा. तपासणी काही मिनिटांची असते. काकांना समजवायला आम्हाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.