मागं कोण राहणार?

लग्नाची पत्रिका दारात आली की आमच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो हा : मागं कोण राहणार? घरात माणसं पाच. मी, नवरा, सासूबाई, थोरली मुलगी आणि धाकटा. पण जनावरं आल्यापासून पाचही जण एकाच रात्री घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. एक गाय, तिची कालवड, सहा शेळ्या, पंधरा-वीस कोंबड्या आणि एक कुत्रा, एवढा पसारा दारात आहे. दिवसभराचं शेजारच्या नानांना सांगून जाता येतं. वैरण टाकतील, पाणी दाखवतील. धारेचं आणि रात्रीचं मात्र दुसऱ्यावर टाकता येत नाही.

भोरहून वरंधा घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. सासऱ्यांच्या वाटणीला आलेलं साठ गुंठे रान तिथं पडीक होतं. 2016 साली आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून इकडं राहायला आलो. मला इथल्याच तालुक्यात शाळेवर बदली मिळाली, नवरा शिरवळला कंपनीत जातो. शेतीवर पोट नाही, हे आधीच सांगते. इंद्रायणी भात घरापुरता होतो, बाकी सगळं हौसेचं. पण जनावर हौसेनं आणलं तरी त्याची भूक हौसेची नसते, हे पहिल्या पावसाळ्यातच कळलं.

पहिल्या वर्षी आम्ही बाजारातून चार उस्मानाबादी शेळ्या आणल्या. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, देखण्या. ही जात मराठवाड्यातल्या कोरड्या हवेतली, जुळी करडं देणारी, काटक. पण ते काटकपण तिकडच्या उन्हाला आणि दुष्काळाला टिकणारं आहे. आमच्याकडचा महिना-महिना न उघडणारा पाऊस तिच्या रक्तात नाही. आम्ही गोठा बांधला तो जमिनीला लागून, मातीच्या भुईवर. जुलैत खालून ओल आली, खुरांच्या बेचक्या सडल्या, करडं खोकायला लागली. दोन करडं एका आठवड्यात गेली. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानं दुसऱ्या करडाला स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून ठेवलं होतं. ती चूक आमची होती आणि अजूनही पाऊस धरला की मला ती आठवते.

सासूबाईंनी तेव्हा फार बोलणं केलं नाही. त्या चाळीस वर्षं पुण्यात राहिल्या तरी माहेर धनगरवाड्याच्या शेजारचं, लहानपण शेळ्यांमागं गेलेलं. त्या म्हणाल्या, "शेळीला भाकरी उशिरा दिली तर चालंल, वली जागा चालत न्हाई." मग आम्ही अडीच फूट उंचीचं लाकडी माचाण केलं. फळ्यांमध्ये बोटभर फट, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडतं आणि वर कोरडं राहतं. पावसाच्या बाजूला पोत्यांचे पडदे, पण वरचं वीतभर अंतर उघडं; कोंडलं की मुताच्या वाफेनंच छाती भरते. पावसाळ्यात शेळी सोडण्याआधी तिला मूठभर तरी कोरडी वैरण खायला घालायची, कारण उपाशी पोटी ओलं कोवळं गवत खाल्लं की पोट फुगतं. पावसाच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचायची. पीपीआरची तारीख वेगळी. या सगळ्या तारखा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या आणि गॅसच्या खुणा असायच्या तिथं लिहिलेल्या असतात. आता दूधवाला राहिला नाही, त्याच्या जागी "काळी फळली" असं लिहून त्यापुढं पाच महिने मोजून दुसरी खूण.

काळीची खूण मे महिन्यातल्या एका तारखेवर होती आणि त्याच तारखेला माझ्या भाचीचं लग्न. पंधरवडाभर आधीपासून मी मनात हिशेब करत होते, एक-दोन दिवस इकडंतिकडं झाले तर जमेल. आदल्या दिवशी संध्याकाळी कास तटतटली, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडं खळगे पडले, ती पुढच्या पायानं भुई उकरायला लागली. नवरा आणि मुलं लग्नाला गेली. मी आणि सासूबाई मागं राहिलो. सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी नव्हते, हे माझ्या बहिणीच्या मनात अजून आहे, आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

रात्री साडेअकराला पहिलं करडू आलं, सरळ. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, जसं यायला हवं तसं. पाट होती. काळी तिला चाटत होती तोवर दुसरी कळ सुरू झाली. अर्धा तास गेला. बॅटरीच्या उजेडात दिसलं की नाक आहे, पण पाय एकच आहे. सासूबाईंनी मला नखं काढायला लावली, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, खोबरेल तेल चोळायला लावलं. त्यांच्या बोटांना सांधेदुखी, म्हणून हात माझा आणि डोळे त्यांचे. खरं तर डोळेही नव्हते, त्या काळीचं तोंड मांडीवर धरून बसल्या होत्या आणि मी सांगेन त्यावर बोलत होत्या.

"कळ आली का?"

"आली."

"मग हलू नको. कळ जाऊ दे. गेली की डोकं आत लोट, हळू."

आत लोटायचं, हेच हाताला पटत नव्हतं. बाहेर येऊ बघणारं डोकं मागं सारायचं! पण त्याशिवाय दुमडलेल्या पायाला जागा होत नाही. तीन कळा तशाच गेल्या. चौथीनंतर माझ्या बोटाला गुडघा लागला, बोराएवढा. त्याच्या खालून बोट घालून, इवलंसं खूर तळहातात झाकून पाय पुढं ओढला. खूर झाकायचं कारण त्यांनी नंतर सांगितलं : नाहीतर आतून फाटतं. पुढच्या कळेला सगळं करडू एकदम माझ्या ओच्यात आलं.

ते हलत नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा पदरानं पुसला, मागचे पाय धरून त्याला उलटं धरलं, पोत्यानं बरगड्या खसाखसा चोळल्या. मग गवताची एक काडी उचलून नाकपुडीत घातली. करडू शिंकलं. इतकी लहान शिंक मी कधी ऐकली नव्हती. नाळेला आयोडीन लावलं, अर्ध्या तासात दोघांना चीक पाजला, वार पडायची वाट बघत आम्ही भिंतीला टेकून बसलो. पहाटे वार पडली, ती कुत्र्यानं उकरू नये म्हणून चिकूच्या झाडाखाली खोल पुरली. त्या रात्री सासूबाईंनी मला त्यांच्या माहेरच्या घराचं, त्यांच्या आईचं जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या पंधरा वर्षांत सांगितलं नव्हतं. मागं राहण्यात काय असतं, ते मला त्या भिंतीला टेकून कळलं.

ते दुसरं करडू बोकड होतं. थोरलीनं त्याचं नाव चांद ठेवलं, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. पाटी घरात ठेवता येतात, बोकड ठेवता येत नाहीत. एका कळपाला एक पुरतो आणि तोही त्याच रक्ताचा चालत नाही. आठ महिन्यांचा झाल्यावर त्याला बाजारात न्यायचं ठरलं. थोरलीनं विचारलं, "आई, त्याला पाळायला नेणार आहेत का?" मी शाळेत मुलांना शिकवते, खोटं बोलू नका म्हणते. मी तिला खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आजीबरोबर बाजारात जायचं म्हणाली. मी नको म्हणत होते, सासूबाईंनी तिला नेलं. विकलेल्या जनावराचं दावं घेणाऱ्याला द्यायचं नाही, परत आणायचं, ही त्यांची रीत. थोरलीनं ते दावं घरी आणलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. ते आम्ही दुसऱ्या कुठल्या जनावराला बांधलेलं नाही. मटण आमच्या घरात शिजतं; ती खात नाही, आणि तिला कुणी आग्रहही करत नाही.

कोंबड्यांचं फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी खुराड्याची कडी नीट लावली की नाही, एवढंच. एका रात्री विसरली आणि सहा कोंबड्या गेल्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की धाकटा सातव्या रात्री एकेक अंडं बॅटरीवर धरून बघतो. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की परत ठेवतो. एकविसाव्या दिवशी तो शाळेला उशिरा येतो आणि मी, त्याच शाळेची बाई, रागावत नाही.

गाय मात्र सासूबाईंची. तांबडी देशी गाय, दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर दूध. 2022 साली लम्पीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा लस टोचून झाल्यावरही त्या रोज संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करून डास हाकलत बसायच्या. आमची गाय वाचली. आदल्या वेताला तिची कास सुजून दगडासारखी झाली होती, तेव्हापासून मागचं उजवं सड जरा अवघड वाहतं. धार काढायची ती सासूबाईंनीच, दुसऱ्याचा हात तिला चालत नव्हता आणि त्यांनीही तो कधी चालू दिला नाही.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. या वेळी मागं राहणारी मी आणि दवाखान्यात जाणाऱ्या त्या. पहिल्या संध्याकाळी मी कालवड सोडली, तिला चार ढुसण्या मारू दिल्या, कास कोमट पाण्यानं धुतली, सगळं त्या करतात त्याच क्रमानं. तांबडीनं दूध चोरलं. कालवडीला पाजत होती, मी हात लावला की कास आवळून घ्यायची. दुसऱ्या दिवशी बादली लाथाडली. इंजेक्शन देऊन पान्हा सोडवणारे आहेत, ते आम्हाला नको होतं. पान्हा भीतीनं अडतो आणि ओळखीनं सुटतो; सुटला की पाच-सात मिनिटांत धार उरकावी लागते, नाहीतर पुन्हा आटतो. ओळख मात्र आणायची कुठून?

तिसऱ्या दिवशी थोरलीनं आजीचं न धुतलेलं लुगडं ट्रंकेवरून आणून दिलं. मी ते ड्रेसवरून अंगाभोवती घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि खाली बसले. तांबडीनं मान वळवून खांद्याजवळ हुंगलं, बराच वेळ. कालवड तिच्या तोंडाशी बांधली होती, तिला चाटायला लागली. माझ्या मुठीत सड एकदम गरम आणि भरदार झालं. बादलीच्या बुडाशी पहिली धार वाजली तशी दाराशी उभी असलेली दोन्ही मुलं श्वास रोखून थांबली.

सव्वा लिटर दूध निघालं. मी तशीच, लुगड्यात, दवाखान्यात फोन लावला.

"सोडला पान्हा, आई. सव्वा लिटर."

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "मागचं उजवं सड परत एकदा बघून ये. त्यात राहिलं असंल."

मी फोन थोरलीच्या हातात देऊन गोठ्यात गेले. राहिलं होतं.