कोटीपोटांतील शेजारधर्म

गाईच्या ठायीं तेहतीस कोटि देव वास करितात, असें आमच्या घरीं वडील मंडळी सांगत. गाईच्या जठराचे कप्पे चार. त्यांतील पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यास शेतकरी ‘कोटीपोट’ म्हणतात. माझा नातू पशुवैद्यकाचा विद्यार्थी आहे. त्यानें या पोटांतील रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं मला दाखविला, तेव्हां केंसाळ अंगाचे आदिजीव त्यांत लगबगीनें फिरत होते. मिलिलिटरमागें ते एकच लाख धरले आणि रस शंभर लिटर मानला, तरी संख्या १,००० कोटि भरते! देवांची गणतीहि मागें पडली.

या जीवांचें वर्णन ग्रुबी व देलाफाँ यांनीं फ्रान्समध्यें १८४३ सालीं प्रथम केलें. वासरूं ते जन्मतः घेऊन येत नाहीं. आईच्या लाळेंतून, चाटण्यांतून ते त्यास मिळतात. पिष्ट व गवताचे तंतु पचवितांना आदिजीवांच्या शरीरांत हायड्रोजन वायु उरतो. तो सांचत गेला, तर त्यांचें पचनच अडतें. येथें शेजारी धांवून येतो. मिथेनकारी सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कर्बवायूशीं जोडून मिथेन व पाणी करितात, आणि त्याच व्यवहारावर आपला निर्वाह चालवितात. नेदरलँड्समधील नायमेगेनच्या फोगेल्सप्रभृति संशोधकांनीं १९८० सालीं दाखविलें कीं, हे सूक्ष्मजीव आदिजीवांच्या अंगास चिकटून राहतात. अतिनील प्रकाशांत ते निळसर-हिरवे चमकतात. कांहीं तर त्यांच्या शरीराच्या आंतहि राहतात. एकाचें उष्टें तें दुसऱ्याचें अन्न.

हें वाचतांना मला माझी आत्या आठवली. पंगत उठली कीं उष्टीं काढून शेणगोळा फिरविणें तिच्याकडे असे. तिची वाखाणणी कोणीं केल्याचें मला स्मरत नाहीं. ती गेली, आणि दुसरी पंगत वेळेवर बसेनाशी झाली. तेव्हां घराला तिचें मोल कळलें.

परंतु या शेजारधर्माची किंमत गाय भरते. चाऱ्यांतील शक्तीचा शेंकडा २ ते १२ इतका भाग मिथेनच्या रूपानें, मुख्यतः ढेंकरांवाटे, वायां जातो. आणि हा वायु पृथ्वीचें तापमान वाढवितो. आदिजीव काढून टाकले तरी गाय जगते. मिथेन घटतो, पण थांबत नाहीं. मिथेनकारी जीवांस आवर घालणाऱ्या एका द्रव्यास युरोपीय संघानें २०२२ सालीं दुभत्या गाईंच्या खाद्यांत घालण्याची अनुज्ञा दिली. त्यानें मिथेन कमी होतो खरा, पण कांहीं हायड्रोजन मग तसाच ढेंकरांतून बाहेर पडतो. म्हणून तो दुसऱ्या कोणत्या उपयोगी कामीं लावतां येईल, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. तो क्रम मला योग्य वाटतो. उष्टीं काढणाऱ्यास रजा देण्यापूर्वीं, उद्यां तीं कोण काढणार, हें घरानें ठरविलेलें बरें.