उकरली तरच टिकते

आपल्याकडे नवरात्र-दिवाळीची धांदल असते तेव्हा मेलबर्नमध्ये वसंत असतो आणि मर्नाँग नावाचं रोप फुलतं. फूल पाथरीसारखं पिवळंधमक. कळी मान खाली घालून असते, उमलताना ताठ होते. मातीत बोटाएवढा पांढरा कंद. भाजला की गोडसर लागतो.

इथल्या कुलिन लोकांचं हे रोजचं अन्न. बायका काठीने कंद उकरत, त्याने माती भुसभुशीत होई, दाटीची विरळणी होई, मागे राहिलेले कंद पुन्हा फुटत. अधूनमधून गवत पेटवून रोपांना ऊन मिळवून दिलं जाई. ही शेतीच होती. फक्त तिला बांध नव्हता, नांगर नव्हता. 1835 मध्ये जॉन बॅटमन हा गोरा वसाहतकार ब्लँकेटं, कुऱ्हाडी देऊन इथली लाखो एकर जमीन ‘विकत’ घ्यायला आला. त्याच्या पाठोपाठ मेंढ्या आल्या. दहाएक वर्षांत त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मर्नाँग त्यांनी मुळासकट खाल्लं, खुरांनी माती दगडासारखी झाली. आधी अन्न गेलं, मग माणसं हाकलली गेली.

आता त्याच मेंढपाळांचे वंशज ओढ्याकाठी मर्नाँगची रोपं लावतात. त्यांच्यासोबत मीही असतो. एकदा रोपं तगलेली पाहून एका आजोबांनी सुचवलं, ‘‘कुंपण घालू या, कुणी हात लावायला नको.’’ सोबतची, कुलिनांपैकीच वुरुंजेरी समाजाची बाई हसली. म्हणाली, ‘‘हात लावला नाही तर गुदमरेल ते.’’

आजोबांचा हेतू चांगलाच होता. पणजोबांनी ओरबाडलं, म्हणून पणतू लांब उभा राहतो. पण ओरबाडणं आणि सोवळ्यात ठेवणं, दोन्हींत माणूस जमिनीला परकाच. तिसरी रीत इथे हजारो वर्षं चालत होती: घ्यायचं, पण घेण्यातूनच राखायचं.

माझ्या पणजोबांच्या मेंढ्या इथे चरल्या नाहीत, हे खरं. पण मेंढ्यांसाठी आखलेल्या त्याच जमिनीचा एक तुकडा आज कर्ज काढून माझ्या नावावर झाला आहे. तेव्हा हा हिशेब फक्त गोऱ्यांचा, असं म्हणून मला सुटता येत नाही.

मर्नाँगचं रोप नर्सरीत मिळतं. ते कधी, किती, कुणी उकरायचं याची जाण मात्र विकत मिळत नाही. ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हाती जमीन नसेल, तर आपण लावतो ती नुसती शोभेची झाडं. शिकायची इच्छा खरी असेल, तर कुंपण कुठे घालायचं हे ठरवायचा हक्क आधी सोडावा लागेल. रोपं लावण्यापेक्षा हे कितीतरी जड आहे.