दुसरी खेप

परदेशात स्थायिक झालेल्या मित्रांकडून येणाऱ्या फोटोंचे साधारणपणे दोनच प्रकार असतात. पहिल्यात मित्र बर्फात उभा असतो आणि दुसऱ्यात मोटारीला टेकून. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी मात्र नॉर्वेहून मला तिसऱ्याच प्रकारचा फोटो पाठवला. टेबलासारखा सपाट असा एक प्रचंड कातळ. त्याला कठडा नाही, दोरी नाही. त्याच्या काठाशी पाय खाली सोडून आमचा मित्र बसलेला आणि त्याच्या पायांखाली, कितीतरी खोल, काळसर निळ्या पाण्याची चिंचोळी पट्टी. हा फोटो पाहताना मी माझ्या घरी, तळमजल्यावर, खुर्चीत बसलो होतो. तरी माझा हात नकळत खुर्चीच्या दांडीकडे गेला.

त्या कड्याचे नाव प्रेइकेस्टोलेन. त्याचा अर्थ धर्मोपदेशकाने उभे राहून बोलण्याची जागा, म्हणजे आपले व्यासपीठच. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला त्या खोलीपेक्षा या शब्दाचेच कौतुक वाटले. गेली वीस वर्षे मीही एका व्यासपीठावर उभा राहतो. पण ते जमिनीपासून एक फूट उंच आहे आणि तेवढी उंची मला सोसते. प्रेइकेस्टोलेन पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे. खाली दिसते ते पाणी लीसे नावाच्या फियॉर्डचे, बेचाळीस किलोमीटर आत घुसलेल्या समुद्राचे. फियॉर्डला मराठीत शब्द नाही. खाडी म्हणावे तर चुकते. हिमनदीने डोंगर कोरून खोल दरी करावी, पुढे हिमनदी वितळून जावी आणि समुद्राने ती दरी बुडवावी, असा तो हजारो वर्षांचा प्रकार आहे.

फोटोखाली एकच ओळ होती : ‘मास्तर, मार्गशीर्षात येतो आहे. माहुलीला जाऊ.’

आता माहुली म्हणजे शहापूर तालुक्यातला आमचा जुना किल्ला. आसनगाव स्टेशनावर उतरले की समोर दिसतो. मुंबईची तरुण मंडळी रविवारी सकाळी चढून संध्याकाळी घरी परततात. तेव्हा त्या ओळीत घाबरण्यासारखे काही नव्हते. तरी ती वाचून मी दोन दिवस उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९९ साली आम्ही दोघे बी. ए. आणि बी. ई. अशा भिन्न वाटांनी दुसऱ्या वर्षाला होतो. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात नोकरीला, भातसा धरणावर. भातसानगरच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्या होत्या आणि सुट्टी लागली की मी डोंबिवलीहून सरळ तिकडे पळत असे. चाळीत वाढलेल्या मुलाला ती वसाहत म्हणजे चैन होती. ऐसपैस रस्ते, दाराशी पेरू, आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की रात्री अंथरुणात ऐकू येणारा तो घुमारा. त्याची आई मला ‘आमचा दुसरा’ म्हणे. तांदळाची भाकरी आणि तिच्यावर लसणीचे तिखट, हे ती वाढावे तसे मला पुढे कोणी वाढले नाही. (हे वाक्य आमच्या घरी वाचले जाईल, याची मला कल्पना आहे.)

त्या श्रावणात आम्ही माहुलीला निघालो. पावसाने वाटेची निसरडी केली होती, धुके इतके की पुढच्याची पाठ दिसेना. सोंडेवर अर्ध्याहून अधिक चढल्यावर धुके क्षणभर फाटले आणि डाव्या हाताला मला खाली काहीच दिसले नाही. म्हणजे झाडे नाहीत, दगड नाहीत. नुसता पांढरा अवकाश. माझे गुडघे तिथेच बसले. मित्र म्हणाला, “तू थांब, मी वर शिवून येतो.” मी थांबलो. तास झाला, दोन झाले. हाका मारल्या, त्यांना पावसानेच उत्तर दिले. मग मी उतरू लागलो. गावात जाऊन कोणाला तरी सांगावे, दोन माणसे घेऊन वर यावे, असे मनाशी म्हणत होतो. गावात पोहोचलो, गणपतीच्या देवळाशी उभा राहिलो, आणि कोणालाही काही न सांगता पुढे चालू लागलो. तसे का केले, याचे उत्तर मी पंचवीस वर्षे शोधतो आहे. लाज वाटली, एवढेच म्हणता येईल. एकोणिसाव्या वर्षी लाज भीतीपेक्षा मोठी असते.

रात्री भातसानगरला पोहोचलो. वडील धरणावर रात्रपाळीला होते. आईने विचारले, “तो कुठे?” मी म्हणालो, “माहुली गावात वर्गातल्या एका मुलाकडे राहिला. पाऊस फार होता.” ती “बरं” म्हणाली. मला जेवू घातले, आणि त्याचे ताट वाढून, वर दुसरे ताट पालथे घालून ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. ओलाचिंब, पण धडधाकट. मी त्याच्याकडे पाहिले नाही आणि त्याने मला काही विचारले नाही. पुढे पत्रे झाली, लग्ने झाली, त्याचे परदेशगमन झाले, वडील गेले. आमच्या मैत्रीला खंड पडला नाही. फक्त त्या दिवसाचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही.

तर, तो आला. आई आता शहापुरात राहते. सत्तरी उलटली आहे, पण आवाज तोच. आदल्या संध्याकाळी आम्ही भातसानगरला जाऊन आलो. त्यांची खोली बंद होती, ओट्यावर पाला साठला होता. पेरू नव्हता. मग धरण पाहिले. डोंगरांच्या बोटांमधून आत आत शिरलेले ते पाणी संध्याकाळच्या उन्हात पाहताना मी सहज म्हणालो, “हासुद्धा तुझा फियॉर्डच की!”

“नाही,” इंजिनिअर म्हणाले. “तिथे दरी समुद्राने बुडवली. ही आपण बुडवली. तिथे कोणी राहत नव्हते.”

हे खरे. या पाण्याखाली शेते आहेत, घरांचे चौथरे आहेत. मुंबई जे पाणी पिते त्यातले जवळजवळ निम्मे इथले. ते धरणातून नदीतच सोडतात, पुढे पिसे येथे उपसून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते शहराच्या नळाला जाते. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहत बसतात. घरी परतल्यावर हा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, “आमच्या दारात हौद, आणि आम्हीच उपाशी घशाचे.” तिच्या नवऱ्याचा जन्म त्याच धरणावर गेला, तरी ती हे म्हणते, आणि आम्ही दोघे गप्प बसून ऐकतो.

पहाटे निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, “दोघे बरोबर उतरा रे.” आया असे म्हणतातच, म्हणून मी लक्ष दिले नाही.

सोंडेची चढण मला पूर्वीपेक्षा लहान वाटली आणि माझे पोट पूर्वीपेक्षा मोठे. हिवाळ्याचे दिवस, कारवी वाळलेली, हवा स्वच्छ. ज्या जागी माझे गुडघे बसले होते ती जागा मी शोधत होतो. सापडली नाही. तीन ठिकाणी मला वाटले, हीच. आणि तिन्ही ठिकाणी डाव्या हाताला निमूट झाडी होती. शेवटी कातळावर लोखंडी शिडी आहे. मित्र वर गेला, आणि वरून पाहत उभा राहिला. तो ‘ये’ म्हणाला नाही, ‘घाबरू नकोस’ म्हणाला नाही. मी पायऱ्या मोजत, समोरच्या दगडाखेरीज कशाकडेही न पाहता, वर गेलो.

गडावर महादरवाजाजवळ पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. “त्या रात्री इथे होतो,” तो म्हणाला. एवढेच. माझ्या घशात घास अडकला. मग बोलायचे म्हणून मी इतिहास काढला. मास्तरांची ही नेहमीची पळवाट. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालराजाला घेऊन इथेच शेवटचा वेढा सोसला आणि इथेच निजामशाही संपली. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, हा गड मोगलांना द्यावा लागला...

“आणि १६७० च्या फेब्रुवारीत महाराजांच्या माणसांनी हल्ला केला तो फसला,” तो म्हणाला. “जूनमध्ये पुन्हा आले आणि घेतला. त्यांना चार महिने लागले मास्तर, तुला पंचवीस वर्षे.”

मी हसलो, आणि हसता हसता माझ्या तोंडून ते बाहेर पडले. देवळाशी उभा राहिलो ते, कोणाला सांगितले नाही ते, आईशी खोटे बोललो ते. सगळे. तो दशमीचा तुकडा हातात धरून ऐकत होता.

“मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “आईलाही त्याच रात्री ठाऊक होते. माहुलीत माझ्या वर्गातले कोणी नाही, हे तिला माहीत नव्हते होय? तू झोपल्यावर ती धरणावर जाऊन बाबांना सांगून आली. बाबा पहाटे दोन माणसे घेऊन निघाले, मी त्यांना अर्ध्या वाटेत भेटलो. घरी आल्यावर तिने मला मोरीपाशी गाठले. म्हणाली, पोरगं घाबरलंय. त्याला काही विचारू नकोस.”

मी त्या रात्री झोपलो होतो, हे मला सर्वांत लागले. ती भर पावसात कंदील घेऊन धरणापर्यंत गेली आणि मी तिच्या घरात, तिच्या गोधडीत झोपलो होतो.

मग आम्ही पश्चिमेच्या कड्याकडे गेलो. पलीकडे नवरा-नवरीचे सुळके, खाली दाट रान आणि रानापलीकडे तानसाचे पाणी. हे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याला अडवणारा दगडी बांध पावणेतीन किलोमीटरांहून लांब आहे. मी मित्राला म्हणालो, माहुली सुमारे २,८०० फूट, तुझे व्यासपीठ दोन हजारांच्या आतले; म्हणजे आमचाच कडा उंच. तो म्हणाला, “ते पाण्यापासून मोजतात, तू समुद्रापासून मोजतो आहेस.” इंजिनिअर माणसाशी फुशारकी मारण्यात अर्थ नसतो. तो काठापासून हातभर अंतरावर बसला. मी त्याच्या मागे, चांगला दहा हातांवर, एका झाडाच्या बुंध्याला धरून बसलो. तेवढ्यावरूनही पाणी छान दिसत होते.

“इकडे ये म्हणत नाही,” तो मागे न पाहता म्हणाला.

“म्हणू नकोस,” मी म्हणालो.

उतरताना तो माझ्या मागे राहिला. पुढे गेला नाही, एकदाही. गावातल्या गणपतीपाशी आम्ही दोघे थांबलो, पाया पडलो आणि रिक्षा केली.

शहापूरला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई दारात बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले, आम्ही दोघे आहोत हे पाहिले, आणि उठून आत गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. वाटभर वाक्ये जुळवली होती. “आई, त्या वेळी मी तुमच्याशी...” एवढे म्हणालो.

“हातपाय धुऊन घे,” ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. “गरम आहे तोवर जेवा दोघे.”