चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेत चूल, बिछाने, न्हाणीघर असे सगळे घरच चाकांवर घालून हिंडता येते. त्याला तिकडे मोटारहोम म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचे 'बिऱ्हाड' असे बारसे केले. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या भाच्याने असे एक बिऱ्हाड भाड्याने घेतले आणि ऐन दिवाळीत, ऑक्टोबरअखेर, आम्ही पाच मोठी माणसे, भाच्याचे तान्हे मूल आणि चकल्यांचा डबा असे पासाडेनाहून निघालो.

डेथ व्हॅलीतले बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 282 फूट खाली आहे. पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरतो आणि 'समुद्रसपाटी' अशी पाटी मान वर करून समोरच्या कड्यावर वाचावी लागते! सरळ रेषेत अवघ्या 85 मैलांवर 14,505 फूट उंचीचा माउंट व्हिटनी. याच दरीत फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 57 सेल्सिअस, उष्म्याची नोंद झाली. आमच्या वेळी पारा नव्वदीत होता. तिथल्या मानाने थंडीच म्हणायची.

संध्याकाळी तळावर भाच्याने चाकांची हवा पाहिली. निघताना सकाळी, 65 अंशांत, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीप्रमाणे 80 पौंड भरली होती. आता 92! शेजारच्या बिऱ्हाडातले गृहस्थ कळकळीने म्हणाले, "बारा पौंड सोडून द्या, नाहीतर टायर फुटेल." सौभाग्यवतींचा चेहरा उतरला, कारण बाळाची झोपायची जागा नेमकी मागच्या चाकांवर.

"मामी, घाबरू नका," भाचा म्हणाला. "ही धावून तापलेली हवा आहे. चिठ्ठीवरचा आकडा गार टायरचा असतो. तीनेक तास उभे राहिल्यावर, उन्हाबाहेर मोजायचे."

मला त्याचे म्हणणे पटले. एवढ्या भारी टायरमध्ये दर दहा अंशांना सुमारे दोन पौंडांचा फरक पडतो, आणि चालताना घर्षणाची ऊब वेगळीच. फुगलेला आकडा बनवणाऱ्यांनी हिशेबात धरलेला असतो. खरे भय उलट्या बाजूचे. हवा कमी पडली की टायरच्या कडा दबतात, वाकतात, तापतात आणि मग सहा टनांचे ओझे त्यांना पेलत नाही.

दुसऱ्या दिवशी टाउन पासचा घाट चढून, लोन पाइनवरून आम्ही मॅमथ लेक्सला पोहोचलो. उंची 7,880 फूट. रात्री दोन रजया घेऊनही दात वाजत होते. पहाटे पारा तीसवर. भाच्याने लांब मानेचे मापक घेतले, कारण मागे जोडचाके असतात आणि आतल्या चाकापर्यंत साधे मापक पोहोचत नाही. आकडा निघाला 77. थंडीने सहा पौंड खाल्ले होते. उंचावर बाहेरचा दाब विरळ म्हणून मापकात तीनेक परत दिसत होते. आदल्या दिवशी बारा सोडले असते तर सदुसष्टच राहिले असते, आणि त्यावर बाळ झोपले असते.

"चहा झाला का रे?" सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारले.

"तीन पौंड भरतो मामी, मग चहा," म्हणत त्याने छोटा पंप सुरू केला.